एकपदरी नळी

१

लासुर्ण्याच्या अलीकडं कालव्यावर पूल आहे. बुधवारी दुपारी अडीच वाजता पेरूनं भरलेली एक पिकअप त्या पुलाचा कठडा तोडून पाण्यात गेली. गाडी चालवत होता सांगवीचा लखन, वय बत्तीस. कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ होतं. शेजारच्या उसातली माणसं पळत आली, पण त्याला बाहेर काढायला पाऊण तास लागला. पेरू मात्र संध्याकाळपर्यंत तरंगत, जिथून आले होते त्या इंदापूरच्या बाजूलाच परत चालले होते.

दुसऱ्या दिवशी क्रेननं गाडी वर काढली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा ब्रेक पाइप तुटला होता. हा पाइप चारच दिवसांपूर्वी, शनिवारी, बदललेला होता. बदलणाऱ्या मिस्त्रीची चिठ्ठी गाडीच्या खणात भिजून सापडली. म्हस्कू, जळोची.

विमा कंपनीनं विजयमालाला पाठवलं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या अपघाती गाड्या तपासण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती. ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाला अख्ख्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि अजूनही साडीचा पदर खोचून गाडीखाली शिरायला तिला कुणाची परवानगी लागत नसे. काय मोडलं आणि का मोडलं, एवढं लिहिणं हे आपलं काम, असं ती नेहमी म्हणायची. कुणामुळं मोडलं ते लिहायला पोलीस आहेत.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं तिला सांगून टाकलं की तिच्यासाठी फारसं काही उरलेलं नाही. म्हस्कूला बोलावलं होतं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. कुणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला होता, "माज्यामुळं गेला त्यो." त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"कबूलच केलंय मॅडम," हवालदार म्हणाला. "वर्षभर झालं, हात थरथरतो त्याचा. सगळ्या जळोचीला म्हाईत हाय."

विजयमालानं तुटका पाइप मागून घेतला आणि खिडकीपाशी नेला. ब्रेकच्या पाइपाचं टोक नुसतं कापून चालत नाही. ते छोट्या नरसाळ्यासारखं फुलवावं लागतं, म्हणजे नट आवळला की ते तोंड घट्ट दाबून बसतं आणि तेल गळत नाही. याला फ्लेअर मारणं म्हणतात. ब्रेकसाठी हे तोंड आधी आतल्या बाजूला दुमडून मग दाबतात. दोन पदर होतात, म्हणून ते ब्रेकचा दाब सोसतं. तिच्या हातातलं तोंड तीन ठिकाणी चिरलं होतं. तिनं भिंग लावलं. पदर एकच होता.

पाइपावर ग्रीस आणि कालव्याचा गाळ बसून तो काळा झाला होता. तिनं नखानं खरवडलं. आत लाल चमकलं. हा स्टीलचा पाइप नव्हता, तांब्याची नळी होती.

हवालदाराचं लक्ष दारातल्या गर्दीकडं होतं. तिनं नळी पिशवीत घातली, सही केली, आणि कुणाजवळ काही न बोलता निघाली.

२

जळोचीत म्हस्कूच्या गॅरेजचं शटर खाली होतं. रोज सकाळी तो ठाण्यात जाऊन बसायचा, दुपारी एक वाजता परत यायचा. त्याची बायको कुशाबाई हिनं दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं की चार घास सुद्धा धड पोटात जात नाहीत त्याच्या. म्हस्कू बाहेरच्या ओट्यावर बसला होता. कुशाबाईनं चहा दिला तेव्हा त्याच्या हातातली बशी कपाला लागून वाजत राहिली. त्यानं ती खाली ठेवून दिली.

विजयमालानं विचारलं, लखनच्या गाडीला कोणता पाइप घातला. स्टीलचा, तो म्हणाला, आत गॅरेजच्या भिंतीवरच्या वेटोळ्यातला. तिनं विनंती केली की तसंच एक तोंड तिच्यासमोर फुलवून दाखवावं.  तो उठला आणि त्यानं शटर अर्धं वर केलं.

त्यानं वीतभर पाइप कापला. कापलेल्या कडेची धार कानशीनं काढली. नट आधी पाइपात ओवला. तो विसरला तर फ्लेअर झाल्यावर आत जात नाही आणि सगळं परत करावं लागतं. मग पाइप लोखंडी पट्टीच्या दोन जबड्यांत आवळला. पहिल्यांदा तोंडात छोटं लोखंडी बटण घालून स्क्रू फिरवला, तेव्हा पाइपाची कड आत दुमडली. बटण काढून तोच स्क्रू पुन्हा फिरवला, तेव्हा तोंड उमललं. हे सगळं होईपर्यंत त्याचे हात अगदी स्थिर होते. पट्टी सोडल्यावर ते पुन्हा थरथरायला लागले, तेव्हा त्याला स्वतःलाच त्याचं काही वाटलं नाही. सवय झाली होती.

विजयमालानं भिंगातून पाहिलं. दोन पदर, कुठं चीर नाही. जबड्याचा एक दात तुटलेला होता, त्यामुळं पाइपावर एक तिरका ओरखडा उठला होता. त्याच आठवड्यात म्हस्कूनं पाइप बदललेला दुधाचा एक टेम्पो माळेगाव रस्त्याला उभा असायचा. जाताना तिनं तो खालून पाहिला. तिथंही तोच तिरका ओरखडा. पिशवीतल्या तांब्याच्या नळीवर मात्र बारीक, सारख्या अंतराच्या गोल रेषा होत्या. ती नळी दुसऱ्याच पट्टीत आवळली गेली होती.

पण गॅरेजमधून निघण्याआधी तिनं म्हस्कूला एक विचारलं होतं. तुमच्यामुळं गेला असं तुम्ही का म्हणालात?

"म्हनलो ते खरं हाय," तो म्हणाला. "तुमाला काय लिवायचं ते लिवा बाई."

त्याच्या हातात खोट नव्हती, हे तिला आता ठाऊक होतं. मग तो खोटं का बोलत होता?

३

सर्जेरावांची पेरूची बाग इंदापूरजवळ होती. पिकअप त्यांचीच. लखन ती सांगवीला घरी ठेवायचा, पहाटे बागेत आणायचा आणि माल भरून बारामतीच्या मार्केट यार्डात न्यायचा. सर्जेरावांनी विजयमालाला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि मिस्त्रीला चांगली अद्दल घडली पाहिजे असं दोनदा सांगितलं. लखन साडेदहाला बागेतून निघाला होता. तिनं विचारलं, की मग तासाभराच्या आतल्या पुलावर पोचायला अडीच कसे वाजले? रस्त्यात कुठं झोपला असेल, ते म्हणाले.

तिनं क्रेटचं विचारलं. साठ क्रेट बसतात त्या गाडीत अठ्ठ्याण्णव भरले होते. ब्रेकचे दोन भाग असतात. पुढचा गेला तरी मागचा गाडी धरतो. पण पेडल निम्मं खाली जातं आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पुलाआधीच्या उतारावर अठ्ठ्याण्णव क्रेट घेऊन ते अंतर मिळणार नव्हतं. हे तिनं त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. सर्जेराव हातातला मोबाइल उलटा-सुलटा करत राहिले. मग त्यांनी आपणहून सांगितलं की अकरापासून अडीचपर्यंत त्यांनी लखनला नऊ फोन केले होते. लिलाव संपायच्या आत पोच म्हणून.

"मी त्याला मारलं न्हाय मॅडम," ते म्हणाले. "मी नुस्तं लवकर जा म्हनलो."

बागेच्या फाटकापाशी चाकोरीत एक दगड वर आलेला होता. त्याच्यावर घासल्याची ताजी खूण होती आणि तेलाचा डाग होता. पेरू तोडणाऱ्या बायकांनी सांगितलं की बुधवारी जाताना गाडी भारानं दबली आणि तिथं खालून आपटली. लखन उतरला, वाकून पाहिलं, दोन-तीन फोन केले, आणि हळूहळू इंदापूरच्या बाजूनं गेला. बारामतीच्या बाजूनं नाही.

म्हणजे म्हस्कूचा पाइप दगडावर चेंबला होता आणि इंदापुरात कुणीतरी त्याच्या जागी तांब्याची नळी बसवली होती.

दुपारी ती सांगवीला गेली. लखनची आई बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. आलेल्या माणसाकडं तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. बायको निकिता चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन होती. घरातलं येणं-जाणं, पाणी, कागदपत्रं सगळं निकिताचा भाऊ अविराज बघत होता. तो इंदापूरचा. बहिणीच्या तोंडून शब्द फुटला नाही की तो पुढं होऊन उत्तर द्यायचा.

निकितानं सांगितलं की बारा वाजता लखनचा फोन आला होता. टायर पंक्चर झालाय, उशीर होईल, म्हणाला. एवढंच. त्यानंतर काही नाही.

विजयमालानं विचारलं की म्हस्कूकडच्या कामाबद्दल तो कधी काही बोलला होता का. निकितानं मान हलवली. अविराज म्हणाला, म्हातारा माणूस हाय, त्याला तरी काय बोलणार. स्टीलचा पाइप फुलवायला मनगटात जोर लागतो. हात साथ देईना म्हणून बिचाऱ्यानं तांब्यावर भागवलं असेल.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट म्हस्कूची कीवच होती. विजयमालानं वही मिटली आणि उठली.

परत जाताना ती पोलीस ठाण्याच्या आवारात थांबली आणि पिकअपखाली शिरली. चारही टायर धड होते, एकातही खिळा घुसल्याची खूण नव्हती. स्टेपनीचे बोल्ट गंजून जागीच बसले होते, महिनोन् महिने त्यांना पाना लागलेला नव्हता. पंक्चर झालंच नव्हतं. आणि पाइप तांब्याचा होता हे पंचनाम्यात कुठंही नव्हतं. ती एकटी सोडून ते फक्त एकाच माणसाला ठाऊक असायला हवं होतं. ज्यानं तो बसवला त्याला.

४

इंदापुरात बसस्थानकामागच्या गल्लीत अविराजचं दुकान होतं. फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं. सकाळी अकरा वाजता विजयमाला गेली तेव्हा तो एका जुन्या फ्रिजच्या पाठीशी बसला होता. तिला पाहून तो उठला नाही. तिनं भिंतीकडं पाहिलं. तिथं बारीक तांब्याच्या नळीचं वेटोळं लटकत होतं. ब्रेकच्या पाइपाच्याच मापाचं. खाली फ्लेअरची पट्टी पडली होती. तिनं ती उचलून जबडा पाहिला. आत बारीक, सारख्या अंतराच्या गोल रेषा होत्या.

"जुना पाइप कुठंय?" तिनं विचारलं.

त्यानं भंगाराच्या पेटीतून तो काढून दिला. स्टीलचा, मधोमध चेंबलेला आणि नट काढून घ्यायला तिथंच कापलेला. दोन्ही टोकांना दुपदरी तोंडं होती, शाबूत, आणि त्यांच्यामागं तिरका ओरखडा. टाकून द्यायचं मनात आलं नाही का, असं तिनं विचारलं. रोज यायचं, तो म्हणाला. हात लागायचा नाही.

मग त्यानं सगळं सांगितलं. लखन साडेअकराला दुकानासमोर येऊन थांबला. पाइपातून तेल गळत होतं. त्यानं बागेतून आधी म्हस्कूकाकालाच फोन लावला होता. दोनदा. काकानं उचलला नाही. इंदापुरात ओळखीचा मिस्त्री लग्नाला गेलेला. आणि सर्जेरावांचे फोन थांबत नव्हते. अविराज म्हणाला, नळी माझ्याकडं आहे, मी फ्लेअर मारून देतो. फ्रिजला तो रोजच मारायचा. एकपदरी. फ्रिजच्या गॅसला तेवढा पुरतो. जोरात दाबलेल्या ब्रेकचा दाब त्याच्या चार-पाच पट असतो, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलेलं नव्हतं.

"धा वेळा पेडल मारून बगितलं आमी," तो म्हणाला. "येक थेंब गळला न्हाय. त्यो हसला. म्हनला, तुज्या दाजीला मिस्त्री भेटला. मी म्हनलो, बारामतीत गेल्या-गेल्या बदलून घ्या."

लखन दीड वाजता निघाला. त्यानंतर सर्जेरावांचे आणखी चार फोन होते.

म्हस्कूवर नाव आलं तेव्हा बोललास का नाही, हे विजयमालानं विचारलं नाही. तो स्वतःच त्या मुद्द्यावर आला. ठाण्यात जायचं म्हणून तो तीनदा एसटीत बसला होता आणि तीनदा मधल्या स्टॉपवर उतरला होता. आपण आत गेलो तर निकिताकडं कोण बघणार, हा विचार प्रत्येक वेळी लासुर्ण्याच्या पुलावर यायचा.

"निकिताला ठाऊक आहे?"

"व्हय," तो म्हणाला. पंक्चरचं त्यानंच सुचवलं असेल, असं विजयमालाला वाटलं होतं. तसं नव्हतं. लखननं बारा वाजता बायकोला खरंच फोन केला होता, आणि सांगितलं होतं की तुझा भाऊ पाइप करून देतोय, त्याला दुवा दे. ब्रेकचा पाइप तुटल्याचं ऐकलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. पंक्चरची गोष्ट तिची होती. भावाला तिनं एकच म्हटलं होतं, की तू गप बस.

५

इंदापूरहून परतताना विजयमाला जळोचीला थांबली. तिनं म्हस्कूसमोर दोन्ही पाइप ठेवले आणि काय घडलं ते सांगितलं. तो सुटला होता. त्याचं नाव तिच्या अहवालात फक्त एवढ्यासाठी येणार होतं की त्याचा फ्लेअर शाबूत होता.

त्यानं आपला पाइप हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. त्याला आनंद झाला नाही. बुधवारी तो हाताच्या थरथरीसाठी बारामतीच्या दवाखान्यात रांगेत बसला होता. फोन घरीच विसरला होता. संध्याकाळी आला तेव्हा लखनचे दोन मिस कॉल होते, आणि लखन गेल्याची बातमीही तेव्हाच आली. पाइप कशानं तुटला हे त्याला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की त्या पोरानं बोलावलं होतं आणि आपण नव्हतो.

"मी उचलला आसता तर मोटारसायकलीनं गेलो आसतो," तो म्हणाला. "सव्वा तासाचा तर रस्ता."

विजयमालानं दोन्ही पाइप परत पिशवीत ठेवले. 

अहवाल तिनं त्याच दिवशी लिहिला. तांब्याची नळी, एकपदरी फ्लेअर, जादा भार. तीन ओळींत सगळं मावलं. न लिहिण्याचा विचार तिनं केला होता, हे तिनं नंतर कबूल केलं. पण मग म्हस्कूला रोज सकाळी त्या बाकावर जाऊन बसावं लागलं असतं. तिनं अविराजला फोन करून सांगितलं की उद्या दुपारी कागद पोलिसांकडं जातील, त्याआधी तू स्वतः जा. आणि त्याच्याही आधी सांगवीला जा.

तो गेला. तिलाही यायची विनंती केली, कारण एकट्यानं तोंड उघडणार नाही याची त्याला भीती होती.

निकितानं भावाला दारात पाहिलं आणि तिला कळलं. ती विजयमालाकडं वळली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "नवरा गेला, बाई. भाऊ ऱ्हायला व्हता. तुमी त्योबी न्यायला आलाय व्हय?"

 म्हस्कूचं काय, असं विजयमाला विचारू शकली असती. निकिता तेही जाणून होती. तिनं म्हस्कूला कधी पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसावर ढकलणं सोपं गेलं, असं तिनं पुढं पोलिसांना जबाबात सांगितलं.

अविराज बनाबाईसमोर खाली बसला. त्यानं सगळं सांगितलं, दगडापासून शेवटपर्यंत. आपल्या हातानं नळी बसवली, हे त्यानं दोनदा सांगितलं. लेकाला कालव्यातून काढल्यापासून बनाबाई कुणाशी बोलली नव्हती. निकिता दारात उभी होती, पोरीला घट्ट धरून. आता सासू आपल्याला घराबाहेर काढणार, याची तिनं मनाशी तयारी केली असावी.

बनाबाईनं मान वर केली. मग तिनं विचारलं, "दोन तास व्हता न्हवं तुज्याकडं? जेवला व्हता का त्यो?"

"व्हय," अविराज म्हणाला. "माज्या डब्यातलं खाल्लं दोगांनी."

"भाजी कसली व्हती?"

"घेवड्याची."

बनाबाईनं मान हलवली. घेवडा त्याला आवडत नव्हता, ती म्हणाली. लहान होता तेव्हापासून ताटातून बाजूला काढून ठेवायचा. कितीदा मारलं त्यावरून.

"खाल्ला का सगळा?" तिनं विचारलं.

"सगळा खाल्ला, आत्या."